भिकन महाजन याचे नाव कमी करण्याबाबत

प्रति,
मा. शिधा नोंदणी अधिकारी साहेब,
लालबाग शाखा कचेरी,
बऱ्हाणपूर, जिल्हा निमाड, मध्य प्रदेश.
(कचेरीच्या पाटीवर अजून ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असेच आहे. अर्ज त्याही पत्त्यावर पोचला असे समजावे.)

विषय : रेशन कार्डावरील माझे नाव योग्य कारण दाखवून कमी करण्याबाबत व तसा दाखला मिळण्याबाबत.

संदर्भ : याच विषयावरील माझे यापूर्वीचे सर्व अर्ज.

महोदय,

१. मी, खाली सही करणारा भिकन लोटू महाजन, राहणार लालबाग, बऱ्हाणपूर, हल्ली मुक्काम सागर, तेथे एम.ए.च्या शेवटच्या वर्षात अर्थशास्त्र शिकत आहे. वडील हयात नाहीत. घरी आई, मनकर्णाबाई, विणकरांच्या सुताच्या कांड्या भरून देण्याचे काम करते. आमच्या कार्डावर दोनच नावे आहेत. पहिले कुटुंबप्रमुख म्हणून आईचे व दुसरे माझे. यातले दुसरे नाव इथून कमी व्हावे आणि सागरच्या कार्डावर चढावे, एवढीच माझी मागणी आहे. ती मी पावसाळ्यापासून करीत आहे. साहेबांकडे कामे पुष्कळ असतात आणि माझे आधीचे कागद कोणत्या गठ्ठ्यात असतील ते सांगता येत नाही, म्हणून सगळे सुरुवातीपासून लिहितो.

२. सागर गावात मोठा तलाव आहे आणि विद्यापीठ गावापासून लांब, पलटणीने सोडून दिलेल्या बराकींत भरते. ज्यांच्याकडे सायकल आहे ते सायकलवर जातात, बाकीचे पायी. प्राध्यापक इंग्रजीत शिकवतात, बाजार बुंदेलीत बोलतो, आणि तिथली जुनी दक्षिणी, म्हणजे मराठी, घराणी माझे मराठी ऐकून ‘खानदेशातले का?’ असे विचारतात. बऱ्हाणपूरचा म्हटले की गप्प होतात, कारण हे गाव नक्की कोणाकडे धरायचे ते त्यांना ठरवता येत नाही. मी एका दक्षिणी विद्यार्थी आश्रमात राहतो. आश्रमाला धान्य मिळते ते कार्डावरच्या नावांमागे. माझे नाव बऱ्हाणपुरात असल्याने आश्रमाच्या लेखी मी जेवत नाही, म्हणून मला पाहुणा म्हणून वाढतात. म्हणजे सगळ्यांचे आटोपल्यावर उरेल ते. तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, अशी आपल्याकडे म्हण आहे. मी तर पावसाळ्यापासून राहतो आहे. वाढणाऱ्याचे तोंड पाहून पोळी मोडायची सवय लागली आहे. भूक असते, पण दुसरी मागवत नाही. आमच्या अभ्यासक्रमात शिधावाटपाचे एक प्रकरण आहे. ते वर्गात चालू असताना मी मागच्या बाकावर बसतो.

३. माझा पहिला अर्ज आल्यावर आपल्या कचेरीने आईला बोलावले, कारण नाव कमी करण्यास कुटुंबप्रमुखाचा अंगठा लागतो. नाव कमी करण्याच्या छापील फॉर्मवर तीनच कारणे आहेत : मृत्यू, कायमचे स्थलांतर, विवाह होऊन पतिगृही गमन. आपले कारकून श्री. दिगंबरराव यांनी ती आईला वाचून दाखवली. पहिले ऐकून तिने कानांवर हात ठेवले. दुसरे ऐकून म्हणाली, “कायमचं कामून? शिकाले गेला तो. सुट्टीत येतो. हा शब्द खोडा, भाऊ.” दिगंबरराव म्हणाले, “बाई, फारम नागपूरहून छपून येतो. त्याच्यावर काट मारायचा मले अधिकार नाही.” आई खिडकीवरून हलेना. मागे रांग वाढली, लोक ओरडू लागले. शेवटी दिगंबररावांनी तिसऱ्या कारणावर खूण केली. लग्नाने नाव जाते ते शुभच, म्हणून आईने आनंदाने अंगठा दिला आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत गूळखोबरे वाटले. आपल्यालाही पोचले असेल. दिगंबररावांनी हे चांगुलपणाने केले याविषयी मला शंका नाही. माझे आजवर जे काही वाटोळे झाले ते चांगल्या माणसांकडूनच झाले, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

४. ‘सदर इसमाचे नाव, विवाह होऊन पतिगृही गेल्याने, कमी केले असे’ हा दाखला घेऊन मी सागरच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाबूंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “ठीक है, पति का कार्ड ले आइए, उसी में नाम चढ़ेगा.” मी पुरुष आहे असे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, “वो तो हम देख रहे हैं, भैया.” पुढे त्यांनाच दया आली. मला घरजावई समजण्यास ते तयार झाले, मात्र त्यासाठी सागरातल्या सासऱ्यांचे कार्ड व संमती आणायची होती. सागरात मला सासरा नाही. कुठेच नाही. ही गोष्ट आश्रमात पोचायला वेळ लागला नाही. आश्रम अविवाहित मुलांसाठी आहे, त्यामुळे व्यवस्थापकांनी माझा लेखी खुलासा मागवला. मुलांनी खुलासा मागवला नाही. ते मला सूनबाई म्हणू लागले. मी वर्गावरून परतलो की कोणीतरी उंबऱ्यावर माप ठेवून बाजूला उभा राहतो. माप रिकामे असते, कारण तांदूळ रेशनचे आहेत.

५. दिवाळीच्या सुमारास मी दाखला दुरुस्त करण्याचा अर्ज केला. झालेली नोंद दुरुस्त होत नाही, नाव पुन्हा चढवून पुन्हा कमी करावे लागते, असे उत्तर आले. परीक्षेची तयारी सोडून मला येणे शक्य नव्हते, म्हणून आई एकटी गेली. नाव चढवण्याच्या छापील फॉर्मवर कारणे दोनच आहेत : जन्म, आणि प्रसूतीसाठी माहेरी आगमन. मी मिसरूड फुटलेला इसम असल्याने पहिले कारण दिगंबररावांना पटले नाही. त्यांनी दुसऱ्यावर खूण केली. त्यासोबत अवघडलेल्या बाईसाठी असलेली जादा साखर मंजूर झाली. आईने ती नाकारली नाही, कारण सरकार पोराला साखर देते यात नाकारण्यासारखे तिला काही दिसले नाही. ती साखर डब्यात तशीच आहे. मागाल तेव्हा परत करू.

६. आता नाव पुन्हा बऱ्हाणपुरात आले आहे आणि ते कमी करण्यास ‘कायमचे स्थलांतर’ हे एकच कारण उरले आहे. संक्रांतीनंतर आईला पुन्हा बोलावणे गेले. ती आली, दिवसभर ओट्यावर बसली आणि अंगठा न देता परत गेली. “लगीन हून गेला लिवा, पलटनीत गेला लिवा. पन कायमचा गेला, याच्यावर माहा अंगठा नाही भेटनार,” एवढेच तिचे म्हणणे.

हा हट्ट आपणांस अडाणी वाटेल. मलाही वाटतो, आणि मी तिला तसे बोलूनही दाखवले आहे. तरी तिच्या बाजूने एक सांगणे भाग आहे. माझ्या आधी तिची तीन मुले गेली. त्यांची नावे कोणत्याही कागदावर चढली नव्हती, त्याआधीच गेली. मी झालो तेव्हा तिने घरोघर पदर पसरून जुनी चिंधी आणि मूठमूठ दाणे मागून आणले, मला त्या चिंध्यांत गुंडाळले आणि नाव भिकन ठेवले. मागून आणलेल्या पोराकडे कोणाची नजर जात नाही, म्हणून. सागरला लोक या नावाला हसतात. मी समजावून सांगत नाही. पण तिने हे नाव कसे मिळवले ते मला ठाऊक आहे.

माझा खोलीतला सोबती अरविंद हा छत्तीसगडकडच्या एका लहानशा संस्थानातला. त्यांच्या राजेसाहेबांनी एका सहीत आख्खे राज्य सरकारजमा केले, महाल सोडून. दोन वर्षांपूर्वी सकाळी संस्थान होते, संध्याकाळी जिल्हा झाला. अरविंद मला विचारतो की इतकी राज्ये विलीन झाली, तुझे एक नाव का होत नाही? मी त्याला सांगतो की राजेसाहेबांना कोणी माझ्या आईसारखे विचारणारे नव्हते.

७. आश्रमाने आता शेवटचे कळवले आहे. पाडव्यापर्यंत माझे नाव आश्रमाच्या कार्डावर चढले नाही तर खोली सोडायची. परीक्षा पाडव्यानंतर आहे. खोली गेली तर पुस्तके घेऊन कुठे बसावे आणि काय खावे हे मला माहीत नाही, म्हणून अभ्यास सोडून बीना, इटारसी, खंडवा अशा गाड्या बदलत होळीला इथे आलो. आईचे भाऊ, माझे कडूमामा, नदीपलीकडे जैनाबादला केळीच्या मळ्यात असतात. ते केळी घेऊन भेटायला आले व त्यांनी सल्ला दिला, “धूलकोटकडं एक पोरगी पाहून ठेवली मी. लगीन करून टाक, कागद खरा हून जाईल.” क्षणभर मला हे सोयीचे वाटले. यावरून माझी अवस्था ध्यानी यावी.

होळीनंतर मी आईला नको ते बोललो. तुझ्या एका अंगठ्यापायी माझे शिक्षण पाण्यात जाणार, तुला मुलगा हवा की कार्डावरचे नाव, असे म्हणालो. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, ती कांड्यांची टोपली घेऊन बाहेर पडली आणि दुपार टळल्यावर आली. तेव्हापासून आमचे बोलणे कमी झाले आहे आणि तिचे उपास वाढले आहेत. गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा, आज सोमवारी महादेवाचा. मधल्या दिवशी पोटात दुखते म्हणते. माझ्यापुरत्या भाकरी टाकते, ताट पुढे करते आणि आपण पाण्याचा तांब्या घेऊन बसते. इतक्या देवांपैकी एकाने तरी तिची समजूत घालावी अशी माझी इच्छा आहे, पण देवांच्या आधी पाडवा येईल असे दिसते.

तरी साहेबांनी मेहरबान होऊन (अ) फॉर्मवरील ‘कायमचे’ हा शब्द आपल्या अधिकारात, आपल्या लेखणीने खोडावा, अथवा ‘शिक्षणासाठी’ असे कारण हाताने लिहू द्यावे. आणि (आ) तेही होत नसल्यास कुटुंबप्रमुखाच्या अंगठ्याची अट माझ्यापुरती शिथिल करावी. मी दमलो आहे. यापेक्षा जास्त नम्रपणे कसे लिहावे ते मला आता सुचत नाही.

(इथवरचा मजकूर सकाळी घरी लिहिला. पुढचा आपल्या कचेरीच्या ओट्यावर बसून लिहीत आहे. दुसरा कोरा कागद जवळ नाही, म्हणून वरचे फाडले नाही. सगळे वाचावे लागल्याबद्दल क्षमा असावी.)

८. मी हा अर्ज खिडकीत दिला. दिगंबररावांनी तो वाचला नाही. हसून परत केला आणि म्हणाले, “आता याची गरज नाही, भिकनभाऊ. तुमची आई बुधवारी येऊन गेली. आता तुम्हीच मुखिया. स्वतःच सही करा अन् दाखला घेऊन जा.” मला फार आनंद झाला. तो लपवत नाही. आईने शेवटी अंगठा दिला, असे मी समजलो. दिला होता, पण माझ्या नावासाठी नव्हे. तिने स्वतःचे नाव कमी करून घेतले आहे.

कुटुंबप्रमुख कार्डावरून गेला की पुढचा माणूस आपोआप प्रमुख होतो आणि प्रमुखाला स्वतःचे नाव स्वतःच्या सहीने कमी करता येते, हा नियम दिगंबररावांनीच तिला संक्रांतीनंतर सहज बोलताना सांगितला होता. तो तिने लक्षात ठेवला. तिच्या नावापुढे ‘कायमचे स्थलांतर’ यावर खूण आहे. स्थळ : जैनाबाद, बंधू कडू यांचेकडे. “बाई, हे कायमचं आहे, पाहा,” असे दिगंबररावांनी तिला बजावले होते. ती म्हणाली, “माहं चालते. माहं नाव कापा. त्याचं घरात राहू द्या. त्याले जायचंच असन तर त्याच्या हातानं जाईन तो, माह्या हातानं नाही.” आणि लगेच अंगठा दिला.

९. जैनाबाद रेशनच्या हद्दीबाहेर आहे. तिथे कोणाकडेच कार्ड नसते. म्हणजे बुधवारपासून माझी आई सरकारच्या कोणत्याही कागदावर नाही. आणि ती जैनाबादला गेलेलीही नाही. ती घरीच आहे. आज सकाळी तिने मला भाकरी वाढली.

शिधा गुरुवारी मिळतो. या गुरुवारी तो एका नावाचा मिळाला. दत्ताचा उपास त्याच दिवशी सुरू झाला. हे मला घरात, तिच्यासमोर बसून चार दिवस जेवताना कळले नाही, इथे ओट्यावर बसल्यावर कळले. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. मला फार लाज वाटते आहे, आणि ती कोणाला सांगावी हे न कळल्याने आपणांस कळवीत आहे.

१०. दिगंबररावांनी फॉर्म आणि दौत दोन्ही पुढे केली आहेत. मी सही केली तर दाखला आत्ता मिळेल व उद्याच्या गाडीने सागर गाठता येईल. पण माझेही नाव निघाले की कार्ड कोरे होते, आणि कोरे कार्ड कचेरीत जमा करावे लागते. मग त्या घरात सरकारच्या लेखी कोणी राहत नाही. ती कांड्या भरीत बसलेली असेल, तरी नाही.

सबब, वर लिहिलेला विषय रद्द समजावा. विनंती (अ) व (आ) मागे घेतो. माझे नाव आहे तिथे राहू द्यावे. कुटुंबप्रमुख या नात्याने माझी आता एकच मागणी आहे, की श्रीमती मनकर्णाबाई लोटू महाजन यांचे नाव आमच्या कार्डावर पुन्हा चढवावे, आणि माझ्या नावाच्या वर चढवावे. सागरला मी पाहुणा म्हणूनच जेवेन. आश्रमाने खोली काढून घेतली तर कोणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकेन आणि परीक्षा देईन. अक्कल जायची ती पावसाळ्यातच गेलेली आहे.

आईला यातले काही कळवू नये. दाखला का मिळाला नाही असे तिने विचारल्यास कचेरीने अडवला, असे मी सांगणार आहे. आपल्या कचेरीवर तेवढा बोल येईल. तो कृपा करून सोसावा.

सोमवारचा उपास संध्याकाळी सोडतात. त्याआधी हुकूम झाल्यास, जाताना दुकानावरून तिच्या वाट्याचे धान्य घेऊन जाईन. तोवर इथेच बसलो आहे.

आपल्या ओट्यावरून न उठणारा, नम्र,
भिकन लोटू महाजन
कुटुंबप्रमुख (बुधवारपासून)

बऱ्हाणपूर, सोमवार, दिनांक १३ मार्च १९५०

सोबत :
१. रेशन कार्ड.
२. नाव चढवण्याचा छापील फॉर्म, भरलेला. कारणे दोनच छापलेली असल्याने त्यातले लागू पडण्यासारखे एक निवडले आहे. नोंदी अशा :
नाव : मनकर्णाबाई लोटू महाजन.
नाव चढवण्याचे कारण : जन्म.
कुटुंबप्रमुखाशी नाते : आई.